दारातला नारळ: काळ्या रानात लावण्यापासून पांढऱ्या रश्श्यापर्यंत

नवरात्र उठलं की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न, एवढ्या नारळांचं करायचं काय. अंबाबाईच्या ओटीचे, हळदीकुंकवाला आलेले, घटावरचा एक, खंडेनवमीला गाडीपुढं फोडायला आणलेल्यातले उरलेले दोन, आणि त्यात परड्यातल्या झाडाचे उतरवलेले वेगळेच. कोपऱ्यात ढीग लागायचा, निम्मे खवट होऊन जायचे, आणि त्याच महिन्यात आम्ही कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातनं मसाल्याला म्हणून सुकं खोबरं पैसे देऊन आणायचो. हा येडेपणा बंद करायला मला चाळिशी गाठावी लागली.

दुसरा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर येतो. कुणीतरी प्लॉट घेतलेला असतो, घर बांधलेलं असतं, आणि फोन येतो की दारात दोन नारळ लावायचेत, पण आपल्याकडं येतात का कोकणासारखे? येतात, झकास येतात. पण कोकणासारखे लावले तर येत नाहीत. आंबा घाट उतरून पावण्यांकडं जायचं, तिथली वाळूतली माडं बघायची आणि ते बघून आपल्या काळ्या रानात तसंच करायचं, इथंच सगळं चुकतं. म्हणून झाडापासून सुरू करतो, मग फळाकडं येऊ.

जागा आणि जात

नारळाची झावळी चार-पाच मीटर लांब जाते, कधी त्याहून जास्त. त्यामुळं भिंतीपासून कमीत कमी १५ फूट तरी लांब लावा. मुळं पाया फोडतील ही भीती काढून टाका, नारळाला सोटमूळ नसतंच, बोटाएवढ्या जाडीची असंख्य मुळं वरच्या थरातच पसरतात. खरी भीती वरनं आहे, नारळ पडणार आणि झावळी पडणार, त्याखाली तुमची गाडी, शेजाऱ्याचा पत्रा, नाहीतर लाईटची तार नको. शेतात ओळीनं लावायचे असतील तर उंच जातीला दोन्हीकडनं साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट अंतर. बांधावर लावताना लोक १०-१२ फुटांवर लावतात आणि मग झाडं उन्हासाठी नुसती उंच पळतात.

जातीचं म्हणाल तर ढोबळ तीन गट. उंच म्हणजे आपली बाणवली, फळ यायला सहा-सात वर्षं पण झाड ८० वर्षं सहज जगतं आणि खोबरं जाड. बुटकी म्हणजे ऑरेंज डार्फ वगैरे, तीन-चार वर्षांत फळ, शहाळ्याला एक नंबर, पण खोबरं पातळ आणि झाड जरा नाजूक. आणि तिसरी संकरित, उंच गुणिले बुटकी, ज्याला सगळे टी-डी म्हणतात. रत्नागिरीजवळ भाट्ये इथं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, प्रताप ही बाणवलीतनंच निवडलेली जात तिथलीच. माझं मत विचाराल तर घरात दोन झाडांची जागा असेल तर एक बाणवली किंवा प्रताप स्वयंपाकासाठी आणि एक बुटकं शहाळ्यासाठी. एकच जागा असेल तर टी-डी.

रोप मात्र विश्वासाच्या ठिकाणाहून घ्या. मी एकदा रस्त्याकडेच्या एका नर्सरीतनं 'तीन वर्षांत हाताला नारळ' म्हणून रोप आणलं, ते आठव्या वर्षी फळाला आलं आणि तोवर घराच्या वर गेलेलं. रोप बघताना पानांच्या संख्येपेक्षा बुंधा बघायचा, ९ ते १२ महिन्यांचं रोप, पाच-सहा पानं, बुंध्याचा घेर १० सेंटीमीटरच्या वर, आणि पानं लवकर फाटून झावळीसारखी सुटी व्हायला लागलेली. उंच शेलाटं रोप दिसायला भारी वाटतं पण ते दाटीत वाढलेलं असतं. आणि पिशवीतल्या नारळाला अंगठ्यानं ढकलून बघा, हलला तर मुळं धरलेली नाहीत.

खड्डा, आणि इथंच आपलं कोकणापेक्षा वेगळं

पुस्तकात एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा सांगतात आणि रोप दोन फूट खाली लावायला सांगतात. मुरमाड तांबड्या जमिनीत, म्हणजे पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा भागात, हे अगदी बरोबर आहे. पण पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात एक मीटर खोल खड्डा काढला की ती विहीर होते. जूनमध्ये पाणी भरतं ते दिवाळीपर्यंत निघत नाही, आणि रोपाचा कोंब आतनं कुजतो. आमचे पहिले दोन असेच गेले.

काळ्या जमिनीत मी असं करतो. खड्डा मीटरभराचाच काढायचा, मे महिन्यात, पंधरा दिवस उन्हात तापू द्यायचा. तळाला अर्धा फूट विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम. त्यावर सोडणं, म्हणजे नारळाची सालं, एक थर. मग निघालेल्या मातीत निम्मा मुरूम किंवा तांबडी माती मिसळायची, चार-पाच घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, दीड किलोपर्यंत सिंगल सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड. हे सगळं भरत आणायचं ते जमिनीच्या जवळजवळ वीतभर खालीपर्यंत, आणि तिथं रोप लावायचं. सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून भोवतीनं उंच वरंबा आणि उताराच्या बाजूला एक चर. मुरमाड जमिनीत पहिल्या पावसात लावा, भारी काळ्या जमिनीत मात्र पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरात लावा, एवढा धीर धराच.

लावताना रोपाला धरून उचलायचं नाही, खालच्या नारळाला धरायचं. नारळ मातीत, पण बुंध्याची मान उघडी. मानेवर माती चढली की गेलं. शेजारी एक काठी रोवून सैल बांधायचं आणि पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडनं वाळक्या झावळीची सावली करायची.

पुरात बुडणारी जागा असेल तर आणखी एक. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या रानात पाणी होतं, मोठ्या झाडांना काही झालं नाही, पण लहान रोपांच्या कोंबात गाळ बसला. नारळाला वाढीचा डोळा एकच असतो, शेंड्याला, तो गेला की आंब्यासारखं बाजूनं फुटत नाही, झाड संपलं. पाणी उतरल्या उतरल्या पंपानं कोंब धुवून घेतला आणि एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, ओतला, ती वाचली, ज्यांना आठवड्यानं हात लावला ती गेली. घरी बोर्डो करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच बादलीत, आणि दोन्ही एकत्र ओतत हलवायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडलाय.

मीठ, पाणी, खत

आमची आज्जी दर शिमग्याला झाडाच्या बुडात दोन ओंजळ जाडं मीठ टाकायची. तिला कुणीतरी मालवणकडच्या बाईनं सांगितलेलं. यात तथ्य नाही असं नाही, नारळाला क्लोरीन लागतंच. पण मिठात सोडियम पण येतं, ते कोकणातल्या वाळूत चार पावसात धुवून जातं, आपल्या चिकट काळ्या मातीत साठून राहतं आणि जमीन दगड होते. शिरोळकडं क्षारपड रानं झालीत ती बघितली की कुणाच्याबी मनातनं मीठ निघून जाईल. क्लोरीन पाहिजे तर ते म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये असतंच, आणि पोटॅश ही नारळाची खरी भूक.

पाच वर्षांवरच्या झाडाला वर्षाला ५० किलो शेणखत, साधारण सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनला एकदमच, युरिया आणि पोटॅशचे तीन भाग करून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. पहिल्या वर्षी याच्या पाचवा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, असं वाढवत न्यायचं. खत बुडाला चिकटून टाकू नका, लोक तिथंच टाकतात आणि म्हणतात लागू पडत नाही. खाणारी मुळं बुंध्यापासून दीड-पावणेदोन मीटरपर्यंत असतात, तेवढ्या अंतरात गोल आळं करून पसरायचं, मातीनं झाकायचं, पाणी द्यायचं.

पाणी मोठ्या झाडाला ठिबकनं थंडीत ३० आणि उन्हाळ्यात ४० लिटर रोज. आपल्याकडं खरी कसोटी मार्च ते मे, कारण हवा कोरडी. कोकणात हवेतच ओल असते. इथं मार्चमध्ये दोन आठवडे पाणी चुकलं की बारीक फळं टपाटप गळतात आणि माणूस औषध शोधत फिरतो. लिंबाएवढ्या फळांपैकी निम्म्याहून जास्त गळणं हे तसं नैसर्गिकच आहे, सगळी राहिली तर झाड पेलणार नाही, पण सगळीच गळत असतील तर आधी पाणी, मग पोटॅश, मग बोरॉन असं बघायचं, मोठ्या झाडाला ५० ग्रॅम बोरॅक्स आळ्यात. आळ्यात सोडणांचा थर द्यायचा, पण सोडण पालथी घाला, पाठ वर. उताणी ठेवली की पावसाचं पाणी साठून डासांची अंडी, आणि डेंग्यूचं बालंट तुमच्या झाडावर.

किडी, आणि तुमचा उकिरडा

गेंड्या भुंगा हा आपल्याकडचा पहिल्या नंबरचा शत्रू आणि त्याला आपणच पोसतो. हा भुंगा कोंब कुरतडतो, म्हणून नवीन झावळी उलगडली की कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी दिसते. तो जन्मतो कुठं, तर शेणखताच्या खड्ड्यात. आपल्याकडं घर तिथं म्हैस, म्हैस तिथं उकिरडा, आणि जागा नाही म्हणून उकिरड्याशेजारीच नारळ. खत उपसताना अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या वळलेल्या अळ्या निघतात, बरेच जण ती उसातली हुमणीच समजतात. त्या वेचून कोंबड्यांना टाका. खड्डा दर दोन महिन्यांनी हलवा. झाडावर कोंबाच्या बाजूच्या दोन-तीन बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समान मिसळून भरायची, लहान झाडाला दोन-चार डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू. भोक दिसलं तर तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढायचा, हे काम किळसवाणं आहे पण समाधान मोठं.

सोंड्या भुंगा त्याच्याहून वाईट, खोडात शिरतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खोडावर भोक, त्यातनं तांबूस चिकट पाणी आणि चावलेला भुसा, ही खूण. तो जखमेच्या वासावर येतो, म्हणून नारळाच्या खोडाला खिळा मारू नका. कपडे वाळत घालायची दोरी बांधायला, नळाची पाईप अडकवायला, गणपतीत लाईटची माळ सोडायला, आपल्याकडं खिळा मारायला पहिलं झाड नारळाचं सापडतं. चढायला खोडात खाचा पाडणं पण तसंच.

बाकी थोडक्यात. फळाच्या टोपीखाली तपकिरी त्रिकोणी चट्टा आणि फळ आक्रसलेलं असेल तर ती कोळी नावाची बारीक कीड. नारळ उतरवून घ्या, मग पाच टक्के अझाडिरॅक्टिन साडेसात मिली आणि तेवढंच पाणी पिशवीत घेऊन, एक जिवंत मूळ तिरकं कापून त्यात बुडवून बांधा, आणि पुढं दीड महिना त्या झाडाचे नारळ काढू नका. पानाखाली पांढरी चक्राकार नक्षी आणि त्याखालच्या पानांवर काजळी दिसली तर ती पांढरी माशी, तिच्यावर जालीम औषध मारलं तर तिला खाणारे मित्रकीटकच मरतात, पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. उंदीर, खारी चढत असतील तर खोडाला माणसाच्या उंचीवर फूटभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा, खिळा न मारता, तारेनं.

उतरवणं

निरोगी झाडाला महिन्याला एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय (फुलोरा), म्हणून झाडावर एकाच वेळी फुलापासून पिकल्या नारळापर्यंत सगळ्या वयाचे घोस असतात. पोय उमलल्यापासून सहा-सात महिन्यांचं ते शहाळं, बारा महिन्यांचा तो पक्का नारळ. देखभाल असलेलं झाड वर्षाला ८०-१०० नारळ देतं. महिना-दीड महिन्यानं उतरवायला माणूस लागतो आणि तो मिळत नाही, हे आता गावागावातलं दुखणं आहे. झाडाला लावून पायानं चढायचं यंत्र येतं, गल्लीत पाच घरांत मिळून एक घ्यावं. पण पहिल्यांदा चढताना कमरेला पट्टा बांधूनच, आणि खाली पोरं उभी ठेवायची नाहीत.

सोलायला परड्यात पहार टोक वर करून पक्की रोवा. कोयत्यानं सोलणारे अंगठा घालवतात. सोलताना शेंडी ठेवायची, सगळी उपटायची नाही. शेंडीखाली तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ, हवा आणि बुरशी तिथनंच आत जाते. शेंडी काढलेला नारळ आठ-पंधरा दिवसांत वापरायचा, शेंडीवाला दोन महिने बघायला नको.

बाजारातनं घेताना वजनाला जड, हलवल्यावर पाणी वाजणारा, डोळ्यापाशी ओल किंवा पांढरी बुरशी नसलेला. शहाळं मात्र उलटं, ते वाजलं नाही पाहिजे, वाजलं म्हणजे पाणी कमी झालंय. शहाळ्याचं पाणी आजाऱ्याला चांगलं हे खरं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनीचा त्रास असलेल्या माणसाला भेटायला जाताना चार शहाळी घेऊन जाऊ नका, डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

फोडायचा कसा, खोबरं सोडवायचं कसं

पाणी आधी काढून घ्यायचं, मऊ डोळ्यात पेचकस घालून. मग नारळ डाव्या तळहातावर आडवा धरून कोयत्याच्या पाठीनं मधोमध पोटावर ठोके द्यायचे आणि प्रत्येक ठोक्याला थोडा फिरवायचा. दुसऱ्या फेरीत बरोबर दोन वाट्या होतात. जोर लागत नाही, फिरवणं लागतं.

करवंटीतनं खोबरं अख्खं सोडवायचं असेल तर अख्खा नारळ रात्रभर फ्रीजरला टाका, सकाळी ठोकलं की करवंटी टरफलासारखी निघते. घाई असेल तर वाटी उताणी, करवंटी जाळावर, दोन-तीन मिनिटं. खवायचं असेल तर मात्र वाटीतच ठेवा, विळीच्या खवणीवर, आणि करवंटीजवळचा तपकिरी थर येऊ द्यायचा नाही, मोदक आणि पांढऱ्या रश्श्याला तर अजिबात नाही. ओटीचे नारळ साठले की आम्ही आता एकाच दिवशी बसून सगळे खवतो आणि एका नारळाची एक अशा पिशव्या करून चपट्या दाबून फ्रीजरला लावतो, तीन महिने जातात.

दूध आणि पांढरा रस्सा

नारळाचं दूध काढताना पहिलं आणि दुसरं वेगळं ठेवायचं, हे ज्यानं पाळलं त्याचा रस्सा कधी फुटत नाही. एका नारळाच्या खोबऱ्याला एक वाटी कोमट पाणी, कढत नको. मिक्सरला फिरवून धुतलेल्या पंच्यातनं पिळायचं, हे पहिलं, घट्ट. चोथा परत मिक्सरला, दीड वाटी पाणी, हे दुसरं, पातळ.

आता रस्सा. एक किलो मटण, आलं-लसूण, मीठ आणि भरपूर पाण्यात शिजवून अळणी, म्हणजे मटणाचं पाणी, काढायचं. पांढऱ्यासाठी आम्ही हळद घालत नाही. खसखस, पांढरे तीळ आणि काजू, प्रत्येकी दोन चमचे, तासभर भिजवून एकदम बारीक वाटायचे, पाट्यावर वाटलं तर नाद नाही पण मिक्सरला पण होतं, फक्त कण राहता कामा नये. तुपात तमालपत्र, लवंग, दालचिनी, काळी मिरी, वेलदोडे, एखादी हिरवी मिरची उभी चिरून. त्यात वाटण, मंद आचेवर तूप सुटेपर्यंत, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग अळणी आणि दुसरं पातळ दूध, एक चांगली उकळी. आता गॅस बारीक करायचा, पाच मिनिटं थांबायचं, आणि पहिलं घट्ट दूध बारीक धारेनं ओतत एकाच दिशेनं पळी फिरवत राहायचं. कडेला वाफ दिसली, बुडबुडा यायच्या बेतात आहे असं वाटलं की उतरवा. इथं उकळला तर स्निग्ध भाग वर, पाणी खाली, आणि पावण्यांसमोर दह्यासारखा फुटलेला रस्सा. झाकण लगेच घट्ट लावू नका, आतल्या उष्णतेनं पण फुटतो. एक किलोला एक मोठा नारळ पुरतो, दोन घातले तर गोडसर लागतो, काही घरांत तसाच आवडतो.

उरलेला चोथा टाकायचा नाही, कढईत कोरडा परतून लसणाच्या चटणीत घालायचा.

सुकं खोबरं आणि वर्षाचा मसाला

तांबडा रस्सा, मिसळीचा कट, भरलं वांगं, सगळ्याचा पाया भाजलेलं सुकं खोबरं. बाजारातलं गोटा खोबरं बरंचसं कर्नाटकातनं येतं, तिपटूरचं नाव त्यात मोठं. तिकडं पक्के नारळ न सोलता माळ्यावर आठ-दहा महिने पसरून ठेवतात, आतलं पाणी आटतं, खोबरं करवंटीपासून सुटून गोटा होतो आणि हलवला की खुळखुळ वाजतो. आपल्या पावसाळी ओलीत हे जमवायचं तर दिवाळीनंतर सुरू करायचं आणि ठेवायची जागा चुलीच्या नाहीतर पत्र्याच्या उबेतली.

घरी सोपं म्हणजे वाट्या वाळवणं. मार्च-एप्रिलच्या उन्हात फोडलेल्या वाट्या तोंड वर करून पत्र्यावर ठेवायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या. दोन-तीन दिवसांत खोबरं करवंटीतनं सुटतं, मग नुसतं खोबरं आणखी चार-पाच दिवस. मोडल्यावर टच्चकन आवाज आला पाहिजे, वाकलं तर ओल आहे. हिरवी, काळी, पिवळी बुरशी दिसली तर पुसून वापरू नका, ती वाटी फेकायची, बुरशीचं विष धुवून, भाजून जात नाही.

मसाल्याला आमच्यात एक किलो मिरचीला पाव किलो खोबरं. मिरची निम्मी संकेश्वरी तिखटाला आणि निम्मी ब्याडगी रंगाला. शेजारणी अर्धा किलो घालतात, चव गोड येते, पण तो मसाला श्रावणात खवट मारायला लागतो. खोबऱ्याचे पातळ काप मंद आचेवर विटकरी रंगावर भाजायचे, पूर्ण गार करायचे, आणि डंकावर न्यायचं तर खोबरं, तीळ वेगळ्या डब्यात, सगळ्यात शेवटी घालायला सांगायचं, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

जोतिबाच्या खेट्यांना, म्हणजे रविवारच्या वाऱ्यांना, आणि चैत्री यात्रेला गुलालाबरोबर उधळायचं खोबरं पण हेच. बारीक तुकडे करूनच न्या. अख्खी वाटी उंचावरनं कुणाच्या डोक्यात बसली की टाके पडतात.

तेल

पक्कं वाळलेलं खोबरं लाकडी घाण्यावर दिलं की किलोला सहाशे ग्रॅमच्या आसपास तेल येतं, आणि पेंड तुमची, म्हशीला थोडी थोडी सरकी पेंडीत मिसळून द्या. घाणा जवळ नसेल तर दुधातनं काढा. पाच नारळांचं घट्ट दूध रात्रभर फ्रीजला ठेवायचं, सकाळी वर सायीचा जाड थर येतो, खालचं पाणी टाकून नुसती साय जाड बुडाच्या कढईत एकदम बारीक गॅसवर. तासभर तरी लागतो. आधी फेस, मग दाणे, मग दाणे सोनेरी आणि तेल नितळ, तिथंच बंद, तपकिरी होईपर्यंत थांबलात तर जळकट वास. पाव लिटरभर निघतं. कढईतला खवा गुळाबरोबर खाऊन टाकायचा, यावर आमच्यात भांडणं होतात.

थंडीत हे तेल गोठतं, २४ अंशाच्या खाली गेलं की गोठणारच. पण 'गोठतं म्हणजे शुद्ध' ही परीक्षा पक्की नाही, गोठणारी दुसरी स्वस्त तेलं पण असतात. केसाला भरपूर लावा. खाण्यात बेतानं, कारण त्यातली बहुतेक चरबी संपृक्त आहे.

राहिलेलं

करवंटीचा जाळ कडक आणि बराच वेळ टिकणारा, त्यामुळं पाणी तापवायच्या बंबाला याच्यासारखं सरपण नाही, चार करवंट्यांत दोघांची अंघोळ. झावळीचे हीर काढून खराटा, अंगण झाडायला प्लास्टिकचा झाडू त्याच्यापुढं पाणी भरतो. काथ्या कुंडीत वापरायचा तर आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, तांबडं पाणी जाईपर्यंत, नाहीतर रोपं पिवळी पडतात. नारळाचं खारट-आंबट झालेलं पाणी कढीपत्त्याच्या बुडात.

आणि ओटीच्या ढिगातल्या एखाद्या नारळाला कोंब आलाच तर तो लावायचा मोह होतो. आज्जीनं तसाच एक लावलेला, कुठल्या झाडाचा काय माहीत, नऊ वर्षांनी पहिली पोय आली. अजून आहे परड्यात, चांगले मोठे नारळ देतो. पण आता कोंब आलेला नारळ निघाला की आम्ही फोडतो, आत कापसासारखा गोड गोळा असतो, आणि तो कुणी खायचा हे पोरं नारळ फोडायच्या आधीच ठरवून बसलेली असतात.